इशाऱ्याचा कागद कुठे अडतो?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अणुऊर्जेच्या सुरक्षिततेवर वृत्तपत्रांतून होणारी चर्चा मी अनेक वर्षे आस्थेने वाचत आलो आहे, आणि जपानमधील फुकुशिमा दाइइची प्रकल्पाच्या दुर्घटनेनंतर या चर्चेने जे वळण घेतले ते मला अस्वस्थ करते. एका पक्षाच्या मते अणुवीज म्हणजे विनाशाला दिलेले आमंत्रण आहे. दुसरा पक्ष कोळशाच्या धुराने मरणाऱ्यांचे आकडे पुढे करतो आणि विरोधकांना विज्ञानाचा गंध नाही असे सुचवून मोकळा होतो. मी स्वतः या दुसऱ्या पक्षाचा आहे. कोळसा सोडायचा असेल तर अहोरात्र चालणारी, कर्बवायू जवळजवळ न सोडणारी वीज लागेल आणि ती देण्याची क्षमता अणुभट्टीत आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच हे पत्र मुख्यतः माझ्याच बाजूच्या लोकांसाठी आहे.

आपण भट्टीच्या रचनेबद्दल, काँक्रीटच्या जाडीबद्दल आणि किरणोत्सर्गाच्या मात्रेबद्दल वाद घालतो. पण थ्री माइल आयलंड, चेर्नोबिल आणि फुकुशिमा या तिन्ही अपघातांचे चौकशी अहवाल वाचले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. धोक्याची सूचना तिन्ही ठिकाणी आधीच मिळालेली होती. ती कोणाच्या तरी टेबलावर लेखी स्वरूपात पडून होती, आणि ती दाबून ठेवणाऱ्याला किंवा लांबणीवर टाकणाऱ्याला जाब विचारू शकेल असे कोणी त्या व्यवस्थेत नव्हते. सुरक्षिततेची खरी चर्चा तिथून सुरू व्हायला हवी.

फुकुशिमाचेच पाहा. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा प्रकल्पातील सहापैकी पहिल्या तीन भट्ट्या चालू होत्या आणि त्या तिन्ही ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडल्या. अणुभंजनाची साखळी थांबली. परंतु चुलीतली लाकडे ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात, तसे भट्टीच्या गाभ्याचे असते. बंद झाल्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के आणि एक दिवसानंतरही अर्ध्या टक्क्याच्या आसपास उष्णता इंधनातून निघतच राहते. पहिल्या क्रमांकाची भट्टी त्या प्रकल्पातली सर्वांत लहान, ४६० मेगावॉट वीज देणारी; उष्णता तिच्यात याच्या सुमारे तिप्पट निर्माण होते. तिच्या बाबतीतही दुसऱ्या दिवशीची ही उष्णता सुमारे सात मेगावॉट भरते. ती काढून घेण्यासाठी पाणी फिरत राहावे लागते आणि पाणी फिरवायला वीज लागते. भूकंपाने बाहेरून येणारी वीज तुटली, डिझेल जनरेटर सुरू झाले आणि पन्नासेक मिनिटांनी सुमारे १४ ते १५ मीटर उंचीची त्सुनामी प्रकल्पावर चढली. बहुतेक जनरेटर आणि वीजवाटपाची पॅनेले इमारतींच्या तळघरांत होती. ती बुडाली.

त्यानंतर नियंत्रण कक्षात जे घडले ते प्रत्येक अणुसमर्थकाने एकदा तरी नीट वाचावे. दिवे गेले, मापकांचे काटे निकामी झाले आणि भट्टीतली पाण्याची पातळी किती आहे हे कळण्याचा मार्गच उरला नाही. कर्मचाऱ्यांनी आवारात उभ्या असलेल्या मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणल्या, त्या मापकांना जोडल्या आणि विजेऱ्यांच्या उजेडात आकडे टिपले. पहिल्या भट्टीत विजेच्या पंपाशिवाय गाभा थंड करणारी एक यंत्रणा होती. तिच्या झडपा उघड्या आहेत की बंद, याचा कोणालाच भरवसा नव्हता. आपत्कालीन केंद्रातल्या वरिष्ठांनी ती चालू आहे असे धरून कित्येक तास घालवले आणि प्रत्यक्षात गाभा तोवर उघडा पडून वितळू लागला होता. ही यंत्रणा स्वतः चालवण्याचा अनुभव पाळीवरच्या कोणालाही नव्हता, असे सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने नोंदवले आहे. इंधनावरच्या तापलेल्या झिर्कोनियम धातूच्या आवरणावर वाफेची अभिक्रिया होऊन हायड्रोजन तयार झाला आणि १२, १४ व १५ मार्चला एकेक इमारत स्फोटाने उडाली. त्या माणसांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. मात्र धैर्यावर विसंबावे लागले, यातच आधीच्या व्यवस्थेचे अपयश दिसते.

आता इशाऱ्याकडे येतो. त्या प्रकल्पात त्सुनामीची अपेक्षित उंची ५.७ मीटर धरलेली होती. इ.स. ८६९ मध्ये त्याच किनाऱ्यावर जोगान नावाने ओळखली जाणारी प्रचंड त्सुनामी येऊन गेली होती, तिने आत वाहून नेलेल्या वाळूचे थर भूगर्भशास्त्रज्ञांनी शोधून काढले होते आणि त्यावरचे संशोधन प्रसिद्धही झाले होते. शिवाय २००८ मध्ये खुद्द प्रकल्प चालवणाऱ्या टेपको या कंपनीतच एक हिशेब झाला. सरकारच्या भूकंप संशोधन यंत्रणेने वर्तवलेल्या शक्यतेच्या आधारे केलेल्या त्या गणिताने १५.७ मीटरपर्यंत पाणी येऊ शकते असे दाखवले. हिशेब अविश्वसनीय वाटला म्हणून तो पुढील अभ्यासासाठी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेकडे सोपवण्याचे ठरले आणि त्या काळात भिंत उंच झाली नाही, जनरेटर वर हलवले गेले नाहीत, तळघरांची दारे जलरोधक करण्याचे कामही झाले नाही. नियामक संस्थेला या आकड्याची माहिती देण्यात आली ती ७ मार्च २०११ रोजी, म्हणजे त्सुनामीच्या चार दिवस आधी. टेपकोच्या माजी अधिकाऱ्यांची फौजदारी खटल्यातून निर्दोष मुक्तता झाली आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. एखादी व्यक्ती गुन्हेगार ठरते की नाही हा न्यायालयाचा प्रश्न आहे. पण इतका मोठा इशारा तीन वर्षे कंपनीच्या आत फिरत राहू शकतो, ही गोष्ट त्या निकालाने बदलत नाही.

त्याच किनाऱ्यावरचा ओनागावा प्रकल्प भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षाही जवळ होता. तो बांधणाऱ्या तोहोकू इलेक्ट्रिक कंपनीत यानोसुके हिराई या ज्येष्ठ अभियंत्याने जागा उंचावर असावी असा आग्रह धरला होता. फुकुशिमात मूळचा पस्तीस मीटरांचा कडा खोदून मुख्य इमारतींसाठी जमीन दहा मीटरांपर्यंत खाली आणली गेली होती. ओनागावाची जमीन १४.८ मीटरांवर ठेवण्यात आली. भूकंपाने ती सुमारे एक मीटर खचली, त्सुनामी सुमारे १३ मीटर उंच आली आणि ओनागावाच्या भट्ट्या सुखरूप थंड झाल्या. घरे वाहून गेलेल्या शेजारच्या गावकऱ्यांनी पुढचे काही आठवडे त्याच प्रकल्पाच्या आवारात आसरा घेतला. दोन्ही प्रकल्पांतल्या भट्ट्या उकळत्या पाण्यावर चालणाऱ्या एकाच कुळातल्या, देश एक, कायदा एक आणि समुद्रही एकच. तंत्रज्ञान सुरक्षित की असुरक्षित, एवढ्याच भाषेत बोलत राहिलो तर हा फरक आपल्याला कधीच उलगडणार नाही.

थ्री माइल आयलंडची हकीकत लोक विसरत चालले आहेत. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या या प्रकल्पात दाब कमी करणारी एक झडप उघडली आणि उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप बंद झाल्याचे दाखवत होता. तो दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवतच नव्हता; बंद होण्याचा आदेश गेला, एवढेच तो सांगत होता. भट्टीत पाणी जास्त झाले आहे अशी समजूत होऊन कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन पाण्याचा प्रवाह कमी केला आणि सुमारे अर्धा गाभा वितळला. दीड वर्षापूर्वी, १९७७ मध्ये, ओहायोतल्या डेव्हिस-बेसी प्रकल्पात अगदी हाच प्रकार घडून वेळीच सावरला गेला होता. भट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या एका अभियंत्याने त्यावरून लेखी इशाराही दिला होता. तो इशारा थ्री माइल आयलंडच्या पाळीवरच्या माणसांपर्यंत पोहोचला नाही.

चेर्नोबिलमध्ये हे आणखी भयंकर रीतीने घडले. तिथल्या भट्टीच्या नियंत्रक दांड्यांची टोके ग्रॅफाइटची होती आणि विशिष्ट परिस्थितीत दांडे आत सोडले तर पहिल्या काही क्षणांत शक्ती घटण्याऐवजी वाढत असे. लिथुआनियातील त्याच रचनेच्या इग्नालिना प्रकल्पात १९८३ मध्ये चाचण्यांच्या वेळी हे दिसून आले होते. निर्बंध घालण्याचे बोलले गेले, प्रत्यक्षात ते घातले गेले नाहीत. २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर १ वाजून २३ मिनिटांनी पाळीवरच्या माणसांनी हे दांडे आत सोडून भट्टी बंद करण्याचे बटण दाबले तेव्हा तेच बटण या परिस्थितीत घात करू शकते, याची त्यांना कल्पना नव्हती. सुरुवातीला सारा दोष त्या माणसांवर टाकला गेला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या सल्लागार गटाने १९९२ मध्ये आपला आधीचा निष्कर्ष बदलला आणि भट्टीच्या रचनेतील दोषांकडे व सुरक्षेबद्दलच्या एकूण अनास्थेकडे बोट दाखवले. तोपर्यंत सहा वर्षे गेली होती.

इशारा दडपण्याची सवय अपघातानंतरही सुटत नाही, आणि लोकांचा विश्वास जातो तो तिथे. चेर्नोबिल प्रकल्पाजवळच्या प्रिप्यात शहरातल्या सुमारे ४९ हजार लोकांना स्फोटानंतर जवळजवळ ३६ तासांनी हलवले गेले. सोव्हिएत सरकारने जाहीर निवेदन केले ते २८ एप्रिलच्या संध्याकाळी, तेही स्वीडनमधील फोर्समार्क प्रकल्पात किरणोत्सर्ग टिपला गेल्यावर. शेजारच्या पोलंडने २९ एप्रिलपासून एक कोटीहून अधिक मुलांना थायरॉइड ग्रंथीच्या रक्षणासाठी साध्या आयोडीनचा डोस दिला. खुद्द बाधित प्रदेशात मात्र मुले किरणोत्सारी आयोडीन असलेले दूध पीत राहिली. या किरणोत्सारी आयोडीनचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे होण्याचा काळ, अवघे आठ दिवसांचे. काही आठवडे दूध थांबवले असते तर पुरेसे होते. युक्रेन, बेलारूस आणि रशियाच्या बाधित भागांत तेव्हा बालवयात असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतला मोठा वाटा या दुधाशी जोडला जातो. म्हणजे लोकांना वेळेवर खरे सांगणे हादेखील सुरक्षेचाच भाग आहे, तितकाच जितका एखादा पंप किंवा झडप.

जपानसारख्या लोकशाही देशातही चित्र फारसे वेगळे नव्हते, याचे मला अधिक दुःख आहे. किरणोत्सारी द्रव्य वाऱ्याबरोबर कोणत्या दिशेने जाईल याचे अंदाज बांधणारी संगणक यंत्रणा सरकारकडे होती, पण तिचे निष्कर्ष सुरुवातीच्या निर्णायक दिवसांत लोकांना कळवले गेले नाहीत. नामिए गावातील अनेक कुटुंबे वायव्येला त्सुशिमा भागात जाऊन थांबली, आणि द्रव्य त्याच दिशेला गेले होते. एप्रिलमध्ये शाळांच्या आवारासाठी वर्षाला २० मिलिसिव्हर्टचा (मिलिसिव्हर्ट हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) निकष लावण्यात आला. तो मुलांसाठी मान्य नाही असे सांगून सरकारच्या एका ज्येष्ठ सल्लागार प्राध्यापकांनी पत्रकार परिषदेत राजीनामा दिला, आणि पालकांच्या संतापानंतर मे महिन्यात शाळांसाठी १ मिलिसिव्हर्टचे उद्दिष्ट जाहीर झाले. २० मिलिसिव्हर्टने नेमका किती धोका वाढतो यावर शास्त्रीय चर्चा होऊ शकते. पण आज एक आकडा सुरक्षित आणि महिन्याभराने दुसरा, असे ज्या आईला ऐकावे लागले तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

विरोधकांनाही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. २०११ च्या भूकंप-त्सुनामीत सुमारे वीस हजार माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली, आणि तो आकडा अनेकदा भट्टीच्या खात्यावर मांडला जातो. हे चूक आहे. तीव्र किरणोत्सर्गाने तिथे कोणीही दगावले नाही. किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला रहिवाशांच्या आरोग्यावर किरणोत्सर्गाचे थेट म्हणता येतील असे परिणाम आढळलेले नाहीत. मुलांच्या थायरॉइड तपासणीत सापडलेल्या रुग्णांची संख्या मुख्यतः अतिसंवेदनशील तपासणीमुळे वाढलेली दिसते, असेही या समितीचे मत आहे. खोट्या आकड्यांनी भीती वाढवणे हे लोकांच्या हिताचे नाही, कारण फुकुशिमात माणसे मेली ती बहुतांशी स्थलांतराने. रुग्णालयांतून आणि वृद्धाश्रमांतून हलवलेले अंथरुणाला खिळलेले वृद्ध बसमध्ये तासन्‌तास बसवून नेले गेले, काहींचे औषधपाणी तुटले, काही वाटेतच गेले. पुढील वर्षांत तात्पुरत्या वसाहतींमधील एकटेपण, खचलेले मन आणि आत्महत्या यांनी आणखी बळी घेतले. फुकुशिमा प्रांतात अशा आपत्तिसंबंधित मृत्यूंची अधिकृत संख्या २ हजारांच्या वर आहे.

आणि इथेच माझ्या बाजूचे लोक हमखास घसरतात. ‘किरणोत्सर्गाने कोणी मेले नाही’ हे वाक्य आपण विजयी स्वरात उच्चारतो. दीड लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. जमिनीवर पसरलेल्या सिझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याचे अर्धायुष्य तीस वर्षांचे आहे, त्यामुळे शेतातली वरची माती खरवडून पोत्यांत भरावी लागली; पूर्वजांच्या थडग्यांना भेट द्यायलाही परवाना घ्यावा लागला. मृत्यूंच्या तक्त्यात या नुकसानीला रकाना नाही. प्रति युनिट विजेमागे कोळशापेक्षा अणुऊर्जेने फार कमी माणसे मरतात, हे खरेच आहे आणि ते सांगत राहिलेच पाहिजे. पण प्रकल्पाच्या शेजारी राहणारा माणूस आपल्याला सरासरी विचारत नसतो. उद्या काही बिघडले तर मला कोण, किती वाजता, काय सांगेल, असे तो विचारतो. तो आकडेमोडीत कच्चा आहे असे मानून आपण उत्तर टाळतो.

यंत्रांच्या बाबतीत जगाने धडा घेतला, असे मला वाटते. युरोपात सर्व प्रकल्पांची ताण-चाचणी, म्हणजे टोकाच्या संकटात ते टिकतील का याची तपासणी, झाली, उंचावर ठेवलेले फिरते जनरेटर आणि पंप आले, हायड्रोजन निकामी करणारी उपकरणे बसली, विजेशिवाय काही दिवस गाभा थंड ठेवू शकणाऱ्या नव्या रचना तयार झाल्या. या सुधारणा मोलाच्या आहेत. परंतु २०१२ मध्ये कियोशी कुरोकावा यांच्या अध्यक्षतेखालील जपानी संसदेच्या स्वतंत्र चौकशी आयोगाने या दुर्घटनेला मानवनिर्मित म्हटले, ते पंप कमी पडले म्हणून नव्हे. अणुऊर्जेवर देखरेख करणारी संस्था ज्या मंत्रालयाच्या छत्राखाली होती त्याच मंत्रालयाकडे अणुऊर्जेच्या प्रसाराचे काम होते, आणि नियम कोणते असावेत हे व्यवहारात कंपन्याच ठरवू लागल्या होत्या, असा त्या अहवालाचा आशय आहे. ज्याने प्रकल्प उभा राहावा म्हणून झटायचे, त्यानेच तो थांबवण्याचा निर्णयही घ्यायचा, ही रचना कोणत्याही देशात टिकणारी नाही.

नियामक खरोखर स्वतंत्र झाला की काय होते, याचे उदाहरणही जपाननेच दिले आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये तिथे नवे अणुनियमन प्राधिकरण स्थापन झाले. त्सुरुगा प्रकल्पातील दुसरी भट्टी पुन्हा सुरू करण्याचा अर्ज त्याच्यापुढे आला, तपासणी सुरू असताना कंपनीने सादर केलेल्या भूगर्भीय नोंदींत फेरफार झाल्याचे २०२० मध्ये उघड झाले आणि भट्टीखाली सक्रिय भ्रंश (भूकंप घडवू शकणारी खडकातील भेग) असण्याची शक्यता नाकारता येत नाही, या कारणाने प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये परवानगी नाकारली. नव्या नियमांखालचा हा पहिलाच नकार. काही उद्योगसमर्थकांना तो अणुऊर्जेवरचा घाला वाटला. मला तो दिवस अणुऊर्जेच्या दृष्टीने चांगला वाटतो, कारण ज्या नियामकाने एका भट्टीला स्पष्ट नकार दिला, त्याने दुसऱ्या भट्टीला दिलेल्या होकाराला आता काही किंमत आली.

भीतीपोटी चालू भट्ट्या सरसकट बंद करण्याच्या मी विरोधात आहे. जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या तेव्हा कोळशाची केंद्रे तिथे सुरूच होती. माझ्या मते हा क्रम उलटा हवा होता. पण तिथल्या जनतेला दोष देण्याआधी अणुउद्योगाने आपल्या गोपनीयतेचा हिशेब द्यावा. पूर, भूकंप आणि त्सुनामी यांचे अंदाज लोकांपुढे मांडले जावेत, नाकारलेल्या अंदाजांसह आणि नाकारण्याच्या कारणांसह. स्थलांतराची योजना परिसरातील रहिवाशांबरोबर प्रत्यक्ष राबवून पाहावी आणि त्यात अंथरुणावरच्या रुग्णांची व्यवस्था आधी तपासावी. प्रकल्पातील कर्मचाऱ्याला आपल्या वरिष्ठांना डावलून थेट नियामकाकडे जाता यावे आणि तसे केल्याबद्दल त्याची नोकरी जाऊ नये.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. अणुऊर्जेवर एखाद्या तज्ज्ञाची, कंपनीच्या अधिकाऱ्याची किंवा नियामकाची मुलाखत आपण छापाल, तेव्हा भट्टी किती सुरक्षित आहे हे विचारण्याआधी त्यांना एवढे विचारावे की गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडे आलेला सर्वांत गंभीर इशारा कोणता होता, तो कोणी दिला, त्यावर कोणत्या तारखेला काय केले आणि तो कागद आज वाचकाला कुठे पाहायला मिळेल. उत्तर मिळाले तर जसेच्या तसे छापावे, आणि मिळाले नाही तर प्रश्न विचारला होता एवढी नोंद तरी मुलाखतीखाली अवश्य द्यावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक